राहिलेला उत्तररंग

या, असे पुढे सरकून बसा. भिंतीला टेकून बसलं की गोष्ट निम्मीच कानावर येते, आणि ही गोष्ट निम्मी ऐकून उठायची नाही, हे आधीच ठरवून घेऊ. समुद्रापलीकडच्या एका म्हातारीची आहे. मी तिथं होतो, म्हणून सांगतो.

“अहो, इथं चूल दिसत नाही, बंब दिसत नाही, मग एवढी लाकडं कशाला रचलीयेत?”

मॉरिशसला पोचल्यावर आमच्या इंदूनं विचारलेला पहिला प्रश्न हा. समोर समुद्र होता, तळाची वाळू दिसावी इतका नितळ. आणि ही बघत होती गेस्ट हाऊसच्या मागच्या अंगणात. तिथं एक जुनं पत्र्याचं घर होतं आणि त्याच्या पडवीला लागून छातीएवढी उंच लाकडाची रास. ओंडके, ढलप्या, काटक्या, फळकुटं, जे मिळेल ते.

“आई, सुट्टीवर आलोय आपण,” शर्वरी म्हणाली. “समुद्राकडं तोंड कर.”

शर्वरी आमची एकुलती एक, पुण्याला बँकेत. मी देवरुखचं शिवणकामाचं दुकान पुतण्याच्या हवाली केलं त्या वर्षी तिनं हट्टानं आम्हा दोघांना या बेटांवर आणलं. समुद्राच्या पोटातल्या ज्वालामुखीनं वर ढकललेली ही बेटांची ओळ. मॉरिशसचे डोंगर कधीच निवलेत, शेजारच्या रेयुनियन बेटावरचा मात्र अजून जागा आहे, मधूनच लाल होतो. आधी इथं आठवडाभर राहायचं आणि मग तो जागा डोंगर बघायला जायचं, असा शर्वरीचा बेत.

गेस्ट हाऊसचे मालक मोहन विसराम हात जोडून पुढं आले.

“आपले स्वागत असो, महाशय. आपला प्रवास सुखरूप पार पडला काय?”

इंदू माझ्या कानाशी लागली. “हे धडा वाचून दाखवतायत की काय?”

खरोखरच तो धडा होता. मोहनरावांचे पणजोबा विश्राम रत्नागिरीकडून उसाच्या मळ्यावर मजुरीला आले. कागदावर आडनाव म्हणून त्यांचंच नाव चढलं आणि तिकडच्या लिहिण्यात विश्रामचं विसराम झालं. पुढं घरोघरी क्रेओल, म्हणजे तिथली फ्रेंच वळणाची बोली, बोलू लागले. मोहनराव मराठी शिकले ते शाळेच्या पुस्तकातून. त्यामुळं ‘जेवायला या’ असं न म्हणता ते ‘भोजनास यावे’ म्हणायचे. पण म्हणायचे इतक्या जिव्हाळ्यानं, की दुसऱ्या दिवशी इंदूसुद्धा ‘आम्ही तृप्त झालो’ असं उत्तर द्यायला लागली.

संध्याकाळी सामान लावताना माझ्या पिशवीतून टाळ निघाले आणि दोघी मायलेकींनी कपाळाला हात लावला.

“बाबा, तरी मी विचारत होते, विमानतळावर त्या माणसानं तुमची पिशवी उघडून काय पाहिलं!”

“वाजवून दाखवले मी त्याला. खूश झाला.”

“सप्ताहाला आलोय का आपण?” इंदू म्हणाली.

तुम्ही मला ओळखता, पण नवीन कुणी बसलं असेल तर सांगतो. मी कीर्तनातला झीलकरी. बुवांच्या मागं टाळ घेऊन उभा राहणारा. बुवा ओळ उचलतात, निम्म्यावर सोडतात आणि अर्थ सांगायला वळतात. सोडलेली ती ओळ पुरी करायची आणि बुवा परत येईपर्यंत धरून ठेवायची, हे काम आमचं. मिसरूड फुटल्यापासून मी हेच केलं. पुढं कधी उभा राहिलो नाही, राहावंसं वाटलंही नाही. बुवांच्या पाठीमागून कीर्तन जितकं गोड ऐकू येतं तितकं समोरून येत नाही, हे माझं प्रामाणिक मत आहे.

दुसऱ्या दिवशी मोहनरावांनी त्यांच्या गाडीतून आम्हाला ज्वालामुखीचं जुनं तोंड दाखवायला नेलं. वर घाटमाथ्यावरच्या गावात आहे ते. वाफा आणि राख दिसेल म्हणून मी तयारीत होतो. बघतो तर भली मोठी हिरवी परात, तळाशी थोडंसं पाणी, आणि काठावर माणसं सकाळचं फिरायला आलेली. पायाशी काळा दगड होता. मी खाली बसून हात फिरवला.

“हा तर आपल्या सड्यावरचा कातळ,” मी म्हणालो.

“महाशय, आपण योग्य बोललात,” मोहनराव म्हणाले. “शास्त्रज्ञ असे सांगतात की आपल्या महाराष्ट्राचा काळा दगड ज्या अग्नीतून आला, त्याच अग्नीने फार नंतर ही बेटे घडवली. माझ्या मातोश्रींना मी हे सांगितले होते. त्या म्हणाल्या, मग दगडसुद्धा आमच्यासारखाच बोटीने आला असेल.”

आम्ही हसलो. मातोश्री घरी असतात का, असं इंदूनं विचारलं, तेव्हा त्यांचा चेहरा उतरला.

“त्या मागील घरात असतात. आपण लाकडे पाहिलीत ना? ती त्यांच्यासाठी आणावी लागतात.”

मग काठावरच्या बाकावर बसून त्यांनी सगळं सांगितलं. मातोश्रींचं नाव भागीरथी. ऐंशी उलटलेली. दोन वर्षांपासून विसरायला लागल्या. आधी सुनेचं नाव गेलं, मग क्रेओल गेली, मोहनरावांनाही ओळखेनात. आता बोलतात ती लहानपणची मराठी, आणि ती पुस्तकात नसल्यामुळं मोहनरावांना निम्मीअधिक कळत नाही.

“रोज दिवस मावळताना त्या उंबऱ्यात बसतात आणि मला विचारतात, ‘ब्वा आला?’ आमच्या भाषेत ब्वा म्हणजे लाकूड. मी लाकूड आणून देतो. त्या पाहतात आणि रागावून फेकून देतात. मला वाटते, हे लाकूड योग्य नाही. मी दुसरे आणतो. आंब्याचे आणले, चिंचेचे आणले. किती प्रकारचे ब्वा आणले!”

शर्वरीला हसू आवरेना. मोहनरावही हसले, पण लगेच थांबले.

“त्यांच्या पायाला जखम आहे. साखरेचा विकार. डॉक्टर म्हणाले, या आठवड्यात रुग्णालयात भरती करा, अन्यथा पाय कापावा लागेल आणि या वयात त्यांना तो आघात सोसणार नाही. परंतु त्या ते घर सोडत नाहीत. ‘जागा सोडायची नाय’ एवढेच म्हणतात. एकदा आम्ही उचलण्याचा प्रयत्न केला. त्यांनी दाराची चौकट अशी धरली की बोटे सोडवता येईनात. ओरडल्या नाहीत, महाशय. रडल्या. लहान मुलीसारख्या रडल्या. मी माझ्या आईला तसे पुन्हा नेणार नाही.”



त्या संध्याकाळी मी मागच्या अंगणात जांभळीच्या झाडाखाली बसून नेहमीचं नामस्मरण सुरू केलं. टाळ अगदी हळू, पाहुण्यांना त्रास नको म्हणून. दोन आवर्तनं झाली नसतील, तोच पत्र्याच्या घरातून आवाज आला. खणखणीत.

“बुवा आलाव?”

माझे टाळ थांबले. ‘ब्वा’ नव्हे हो! मधला उकार आखडलेला, आपल्या संगमेश्वराकडं बायका म्हणतात तसा, पण शब्द ‘बुवा’. कीर्तनकार बुवा! मोहनरावांच्या पुस्तकात तो शब्द नव्हता. पुस्तकात ‘कीर्तनकार’ असतो. तो बिचारा मुलगा दोन वर्षं आईला लाकडं आणून देत होता आणि आई वाट बघत होती बुवांची.

मी उठून उंबऱ्याशी गेलो. बारीक अंगाची म्हातारी, लुगडं नेसलेली, एका पायाला पांढरी पट्टी. डोळे मात्र असे, की जणू कीर्तन आत्ता कुठं रंगात आलंय.

“आजी,” मी म्हणालो. वयानं माझ्या आईसारखी, पण तोंडातून आजीच निघालं. “कुठल्या बुवांची वाट बघता?”

“आमच्या. बोटीतनं आलेत ते.” तिनं माझ्याकडं निरखून बघितलं. “तुमी कंच्या गावचं?”

“देवरुखचा.”

“मंग बुवाच्या संगतीनंच आला असाल. बसा. निम्मं राह्यलंय अजून. उठू नका मंदीच.”

मी पायरीवर बसलो. इंदू आणि शर्वरी मागं येऊन उभ्या राहिल्या. मोहनराव हातात कसलंसं लाकूड घेऊन येत होते, ते तसेच थांबले. आणि म्हातारी सांगू लागली. तुकड्यातुकड्यानं, एकच गोष्ट दोनदा, मधलाच धागा आधी. मी तुम्हाला सरळ करून सांगतो.

ती परकरी पोर असताना कोकणातून कुणी एक बुवा बोटीनं बेटावर आले. मळ्यावरच्या मराठी माणसांनी याच घराच्या अंगणात मांडव घातला. पूर्वरंगाचं निरूपण झालं. मध्यंतराला बुवांच्या कपाळी बुक्का लावला, गळ्यात हार घातला आणि बुवांनी उत्तररंगाला गोष्ट धरली. नदीकाठच्या सगुणा नावाच्या बाईची. तिचा मुलगा पैलतीराला गेला तो आलाच नाही. अंधारात त्याला घाट दिसावा म्हणून सगुणा रोज दिवा लावून तिथं बसायची. वर्षानुवर्षं. एका संध्याकाळी देवच नावाडी होऊन आला. म्हणाला, चल, तुला पलीकडं नेतो. सगुणा म्हणाली, मी आले असते रे, पण माझ्या दिव्यापाशी कोण बसेल? तेव्हा देव म्हणाला—

“आनि वारं सुटलं!” म्हातारीनं हात वर फेकले. “मांडव उडाला. पत्रं उडालं. समदी मानसं कारखान्याच्या दगडी कोठाराकडं पळाली. बा मला म्हनला, भागू, बुवाची जागा राख. बुवा येईस्तवर सोडू नको.”

“वादळात एकट्या राहिलात?” इंदूनं विचारलं.

“नाय गं. आयनं न्हेली वडत. पन मी परत आलू ना! सकाळच्या पारी आलू. बुवाची बोट गेली व्हती. जाताना म्हनलं म्हनं, राह्यलेलं येऊन सांगतो.” मग माझ्याकडं वळून, अगदी हळू, गुपित विचारावं तसं तिनं विचारलं, “तुमी मागं व्हतात ना? देव काय म्हनला हो?”

मी मोहनरावांकडं वळलो आणि सांगितलं, आई मागते ते लाकूड नव्हे, बुवा म्हणजे कीर्तनकार, त्यांची राहिलेली गोष्ट तिला ऐकायचीय. मोहनरावांच्या हातातलं लाकूड खाली पडलं.

सकाळी किनाऱ्यावर ते मला शोधत आले. मी आणि इंदू पाण्यात पाय सोडून बसलो होतो. रात्रभर त्यांचा डोळा लागला नव्हता, हे दिसत होतं.

“महाशय, एक विनंती आहे. आज सायंकाळी आपण कीर्तनकार व्हावे. मी हार आणतो, फेटा आणतो. आपण म्हणावे, मी बुवा, परत आलो, कथा संपली, आता ऊठ. त्यांना ओळखू येणार नाही.”

“मोहनराव, तो हार मला नाही घालता येणार.”

“का?”

“बुवांची ती पुढची जागा नारदांची मानतात. तिथं जो उभा राहतो, त्याच्या गळ्यात हार पडतो. मी मागचा माणूस. तिथं उभं राहून मी बुवा असल्याचं सोंग केलं, तर पुन्हा कुठल्या तोंडानं टाळ हातात घेऊ?”

ते वाळूत बसले. थोडा वेळ स्वतःशीच क्रेओलमध्ये काहीतरी बोलले. आणि मग, आल्यापासून पहिल्यांदाच, पुस्तकाबाहेरचं वाक्य त्यांच्या तोंडून निघालं.

“काका, पाय जाईल हो तिचा.”

ते ‘हो’ मला अजून ऐकू येतं. मग इंदू बोलली. तिला कीर्तनाचं माझ्याइतकं वेड नाही. पण माझं वेड तिच्याइतकं कुणाला ठाऊक नाही.

“मी एक विचारू का? तुमचे बुवा ओळ निम्म्यावर सोडतात, तेव्हा तुम्ही काय करता?”

“पुरी करतो.”

“त्यासाठी हार लागतो?”

“नाही.”

“मग झालं तर.” तिनं वाळू झटकली आणि उठली. “या बुवांनीसुद्धा सोडलीये. फक्त जरा जास्तच वेळ सोडलीये.”

मी दिवसभर किनाऱ्यानं फिरत होतो. शर्वरी मधे एकदा नारळपाणी घेऊन आली. “बाबा, बोटीतून प्रवाळ बघायला जायचं होतं ना आज?”

“तू आणि आई जा.”

“आई म्हणते, बाबांचा प्रवाळ सापडला की मग जाऊ.” ती माझ्याबरोबर चालू लागली. “काय म्हणाला असेल हो देव?”

“मूळ गोष्ट मी कधी ऐकलेली नाही. त्या बुवांची स्वतःची रचना असणार.”

“मग बनवणार?”

“देवाच्या तोंडी शब्द घालायचे म्हणजे भीती वाटते, बाळ.”

दुपार कलेपर्यंत मला एक उत्तर सापडलं. मला ते पुरेसं वाटलं. म्हटलं, यावर म्हातारी उठेल.

दिवस मावळायला लागला तसे आम्ही अंगणात जमलो. मोहनराव, त्यांची बायको, आम्ही तिघं आणि शेजारच्या दोन म्हाताऱ्या, त्याही मराठी मुळाच्या. मोहनरावांनी उंबऱ्यासमोर पाट मांडला. पाटावर पिवळ्या फुलांचा हार ठेवला. बुक्का मिळाला नाही. तिथल्या देवळातून ते अष्टगंध घेऊन आले होते. मी पाटाच्या मागं उभा राहिलो, एक पाऊल सोडून. पाटावरची जागा मोकळीच.

भागीरथीबाई उंबऱ्यात आल्या. त्यांनी पाट बघितला, हार बघितला, मग मला बघितलं.

“बुवा कुठं हायत?”

“आजी, मला एक सांगा. बुवांनी ओळ निम्म्यावर सोडली, तर पुरी कोण करतं?”

“झीलकरी.” हे त्या विसरल्या नव्हत्या.

“मी झीलकरी.”

त्या बराच वेळ माझ्याकडं बघत होत्या. मी नजर खाली घेतली नाही, कारण खोटं काही बोललो नव्हतो. शेवटी त्यांनी मांडी सावरली, पट्टीचा पाय हातानं उचलून नीट ठेवला आणि म्हणाल्या, “करा पुरी.”

मी टाळ धरले. थोडा वेळ नुसतं देवाचं नाव घेतलं. शेजारच्या म्हाताऱ्यांनी टाळ्या धरल्या, इंदूनं धरल्या, मग बिचकत मोहनरावांच्या बायकोनंही. वारा पडलेला होता. प्रवाळाच्या कडेवर लाटा फुटत होत्या, त्यांचाच काय तो मृदंग. मी गोष्ट उचलली ती बुवांनी सोडली होती तिथून. सगुणा घाटावर बसली आहे. नाव काठाला लागली आहे. सगुणा म्हणते, माझ्या दिव्यापाशी कोण बसेल?

“तेव्हा देव नावेतून खाली उतरला,” मी म्हणालो. “चिखलात उतरला. सगुणेच्या जागी मांडी घालून बसला आणि म्हणाला, तू जा. तुझ्या दिव्यापाशी मी बसतो.”

मी थांबलो. शेजारच्या एका म्हातारीनं डोळ्याला पदर लावला. मला वाटलं, झालं. आता आरती.

भागीरथीबाई मात्र हलल्या नाहीत. कपाळाला आठ्या घालून त्या विचार करत होत्या.

“देवाला काय सवय हाय वाट बघायची?” त्या म्हणाल्या. “तेला दुसरी कामं नसतील? निजला म्हंजे? दिवा इझला म्हंजे? आनि नेमका तवाच पोरगा आला म्हंजे?”

कीर्तनात असं विचारत नाहीत. बुवा सांगतात, लोक माना डोलावतात. पण तिचं बरोबर होतं. जिनं सारा जन्म वाट बघितली, तिला वाट बघणं म्हणजे काय हे मी काय सांगणार? देवाच्या भरवशावर आपला दिवा टाकून जायला ती तयार नव्हती. यात तिची भक्ती कमी पडली असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. माझ्याकडं दुसरी ओळ नव्हती. टाळ हातात तसेच राहिले. इंदू माझ्याकडं बघत होती. मी मनातल्या मनात म्हटलं, पांडुरंगा, आता तूच धर, मी सोडली.

मोहनराव शर्वरीशेजारी उभे होते. आईचे सगळे शब्द त्यांना कळत नव्हते, शर्वरी त्यांना हळूच समजावून सांगत होती. ते ऐकून ते पुढं आले. पाटाला वळसा घालून आईसमोर गुडघ्यावर बसले.

“दिवा मी लावीन, आई,” ते म्हणाले. “रोज लावीन. तू जा.”

म्हातारीनं त्यांच्याकडं बघितलं. हात पुढं करून त्यांच्या गालावरून फिरवला. हनुवटीला धरून चेहरा उजेडाकडं वळवला.

“तू कोन रं?”

“मोहन.”

“सगुणेचा पोरगा?”

मोहनरावांनी वळून माझ्याकडं बघितलं. खरं सांगतो, तोंडात शब्द आला होता माझ्या, पण मी ओठ मिटून घेतले. ती ओळ माझी नव्हती. मोहनराव पुन्हा आईकडं वळले.

“हो, आई,” ते म्हणाले. “तुझाच.”

“आलास?”

“आलो.”

“पलीकडं लई दिस लावलंस.”

“आता नाही जाणार.”

तिनं एक लांब श्वास सोडला. सगळं अंग सैल झालं तिचं. मग आमच्याकडं, आम्हा सगळ्यांकडं, घरातल्या कर्त्या बाईनं बघावं तसं बघितलं.

“मंग आता दिवा कशापायी?” ती म्हणाली. “पोरगा आलाय. आरती करा आनि उठा समदी. उशीर झालाय.”

आम्ही आरती केली. शेजारणींना शब्द येत होते. उच्चार फ्रेंच वळणाचे, पण चाल आपलीच. पाटावरचा हार मी उचलला आणि कुणाच्या गळ्यात घालावा कळेना, म्हणून भागीरथीबाईंच्या पायाशी ठेवला. त्यांनी तो उचलून मोहनरावांच्या गळ्यात घातला. मग मुलाच्या खांद्याला धरून त्या उठल्या. आपणहून उठल्या. उंबरा ओलांडताना चौकटीला हातसुद्धा लावला नाही. गाडीच्या दारापाशी थांबून सुनेला एवढंच म्हणाल्या, “माजी चप्पल आन.”

दुसऱ्या दिवशी आम्ही रुग्णालयात भेटायला गेलो. पाय वाचणार, असं डॉक्टरांनी सांगितलं. दोन बोटं काढावी लागली, ती पुढच्या आठवड्यात. तोवर आम्ही रेयुनियनला गेलो होतो. जागा डोंगर चारही दिवस ढगात होता, काही म्हणता काही दिसलं नाही. शर्वरी हिरमुसली. मला काही वाटलं नाही.

पुढं तीन-चार वर्षं दिवाळीला मोहनरावांचा फोन यायचा. मराठी हळूहळू बदलत गेली. ‘महाशय’ गेलं, ‘काका’ राहिलं. आईनं त्यांना मोहन म्हणून पुन्हा कधी ओळखलं नाही. नर्सना सांगायची, हा सगुणेचा पोरगा, लई लांबनं आलाय, याला जेवायला वाढा. एकदा मी त्यांना विचारलं, वाईट वाटतं का हो? ते म्हणाले, “काका, आधी ती माझी वाट बघत नव्हती. आता मी रोज येतो आणि ती रोज खूश होते. मला चालतं.”

गेल्या वर्षी फोन आला तो दिवाळीला नव्हे, श्रावणात. झोपेतच गेली. शांतपणे.

त्या बेटावर तिच्या नावाची कसली पाटी नाही. घर पाडून तिथं पाहुण्यांसाठी खोल्या झाल्या. तुमच्यापैकी कुणी सुट्टीला तिकडं गेलात तर समुद्र बघाल, डोंगर बघाल, आणि परत याल. तिकडं जाणं झालं नाही तरी हरकत नाही. माझं मागणं एवढंच आहे. इथंच कधीतरी कीर्तनाला बसलात, आणि मध्येच उठून घरी जावंसं वाटलं, पाय आखडले म्हणून, किंवा गोष्ट माहीत आहे म्हणून, तर क्षणभर थांबा आणि भागीरथी विसराम हे नाव मनात घ्या. मोठ्यानं घेतलंत तरी चालेल. तिला ऐकायला आवडायचं.